आधी आप्पाचा हात

वडगाव, बेळगाव
ता. ११ सप्टेंबर १९३६

ती. जयाक्काच्या पायी धाकट्या परशरामाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही मोठी माणसं बरी आहोत, पण आमच्या चि. सुंद्राचा ताप काही हटत नाही. सकाळी उतरल्यासारखा वाटतो आणि दिवेलागणीला पुन्हा अंग चुलीगत तापतं. हिवतापावरचं कोयनेल देऊन पाहिलं, गुण नाही. म्हणून सोमवारी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले की हा हिवताप का टायफॉइड ते वरून सांगता येत नाही, शिरेतलं रक्त काढून तपासावं लागेल.

आक्का, पुढचं लिहायला हात होत नाही. निघताना तुझ्या भावजयीनं पोरीला सांगितलं होतं की डॉक्टर नुसता हात बघणार, दुखणार न्हाय. टेबलावर आडवी केल्यावर तिला सुई दिसली. मग दोघांनी खांदे धरले, एकानं हात, आणि पाय मला धरायला लावले. चार वर्षांचं तापानं वाळलेलं पोर, तरी आवरेना. सुई निसटली, कोपराजवळ काळंनिळं झालं, आणि रक्त आलं ते तपासणीला पुरेना. डॉक्टर म्हणतात, परत आणा.

तेव्हापासून सुंद्रा माझ्याशी बोलत नाही. उचलायला गेलो की भिंतीला चिकटते. मी विणायला मागावर बसलो की लांबून माझ्या हातांकडं बघत राहते. तुझी भावजय म्हणते, आता पोरीला तिकडं न्यायचं न्हाय, काय व्हायचं ते घरात होऊ दे. मला न्यावं असं वाटतं, पण तिचे पाय पुन्हा धरणं माझ्याच्यानं होणार नाही. तू मोठी आहेस, मार्ग सांग.

दाजींना नमस्कार. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा
परशराम


निपाणी
ता. १४ सप्टेंबर १९३६

चि. परशराम यास जयाक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचताना चुलीवरची आमटी लागली. ह्यांनी ती मुकाट खाल्ली, यावरून त्यांनाही किती काळजी लागली ते समज.

तारावर रागावू नकोस. आईचं मन ते. पण पोरीला न नेऊन भागायचं नाही. आमच्या गल्लीत गुंडूच्या लेकराचा ताप असाच आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत घरात बघत बसले. ते लेकरू राहिलं नाही. हे ताराला वाचून दाखवू नकोस.

माझ्या बाळूचे कान टोचले तेव्हा सोनारानं त्याला मांडीवरच घ्यायला लावलं होतं. लेकराला उताणं पाडून चौघांनी दाबलं की त्याला वाटणार, आता आपलं काही खरं न्हाय. तू आधी एकटा जाऊन डॉक्टरांना भेट. पोरीला मी मांडीवर बसवतो, पाठ माझ्या छातीला लावतो, पाय कुणी धरायचे नाहीत, असं चालेल का ते विचार. डॉक्टर काही वाघ नव्हे.

आणि सुंद्राला खरं सांग. दुखणार न्हाय असं आता कुणीही म्हणायचं नाही. दुखंल, पण थोडं, आणि लगेच सरंल, असं सांग. रडू आलं तर खुशाल रडू दे, हात तेवढा हलवायचा नाही. कुठला हात द्यायचा ते तिचं तिला ठरवू दे. ती बोलत नाही म्हणून तू बोलायचा थांबू नकोस. काहीच सुचलं नाही तर, देवी टोचायला माणूस आला की तू, अनगोळच्या तालमीतला पैलवान, लहानपणी माळ्यावर लपून बसायचास, ते सांग. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पोरीसाठी चालेल.

सगळ्यांना जपावं, आणि आक्काला विसरू नये.
जयाक्का


वडगाव
ता. १९ सप्टेंबर १९३६

ती. जयाक्कास परशरामाचा सा. नमस्कार. वि. वि.

रक्त काढून झालं. कसं ते सांगतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सुंद्राच्या अंथरुणाशेजारी बसून सगळं खरं खरं सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. मग माळ्यावर लपायची गोष्ट सांगितली. तेव्हा तिनं तिकडंच तोंड ठेवून विचारलं, मग टोचलं का न्हाय. मी म्हणालो, टोचलं. दुखलं का म्हणाली. व्हय, दुखलं, म्हणालो. तेव्हा ती वळली आणि म्हणाली, आधी तुझं रगत काढायचं, मग माझं. मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

डॉक्टरांकडं गेलो. आधी म्हणाले, आत घरच्या माणसांचं काम नाही. पण सगळं ऐकून घेतलं आणि कंपाउंडरशी कानडीत काही बोलले. मग म्हणाले की धडपडणाऱ्या पोराची शीर मलाही सापडत नाही, ती स्वस्थ बसणार असेल तर मांडीवर काय, खांद्यावर बसवा. तुमच्या रक्ताचं मला काही काम नाही, पण पोरीचं मन राहत असेल तर काढतो.

घरी तुझ्या भावजयीला हे सांगितलं. ती म्हणाली, मी पण येणार, आणि पोरगी नको म्हणाली तर उचलून घरी आणणार. मी कबूल झालो.

आक्का, मी खुर्चीत बसलो, सुंद्रा मांडीवर, आणि डॉक्टरांनी माझ्या दंडाला फडकं आवळलं. सुई बघितली आणि मला घाम फुटला. कुस्तीत खांदा निखळला तेव्हाही असं झालं नव्हतं. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं वाकून माझ्या कोपरावर फुंकर घातली आणि म्हणाली, रडलास तर चालंल आप्पा, हात हलवायचा न्हाय. डॉक्टरांना तोंड फिरवावं लागलं.

मग तिनं आपला डावा हात पुढं केला. डॉक्टरांनी गरम पाण्याचं फडकं ठेवून शीर वर येऊ दिली. दुसरी बारीक सुई उकळून ठेवली होती, ती घेतली आणि टोचायच्या आधी तिला तसं सांगितलं. तुझ्या भावजयीनं तिची बोटं धरली होती. टोचलं तशी सुंद्रा फुंकर मारता मारता रडायला लागली. हात हलला नाही. रडली, पण माझ्या गळ्यात तोंड खुपसून रडली.

आता तपासणीत काय निघतं त्याची वाट बघतोय. आमची आठवण धरून देवापुढं दिवा लाव.
तुझा
परशराम


निपाणी
ता. २२ सप्टेंबर १९३६

चि. परशराम यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं. फुंकरीपाशी आल्यावर चष्मा पुसायला म्हणून थांबले ते पुढं वाचेनात. राहिलेलं मी वाचलं.

घाम फुटला हे तू स्वतः लिहिलंस, यात मला सगळं मिळालं. कळल्याबरोबर कार्ड टाक. बरं असो वाईट असो, लपवू नकोस.
जयाक्का


वडगाव
ता. २४ आक्टोबर १९३६

ती. जयाक्काच्या पायी परशरामाचा नमस्कार. वि. वि.

टायफॉइड निघाल्याचं कार्ड तुला मिळालंच. त्यानंतर निवांत लिहायला जमलं नाही, राग मानू नकोस. डॉक्टर म्हणाले की वेळेवर कळलं हे बरं झालं, कारण ताप कमी वाटला की तुझी भावजय तिला दुधात भाकरी कुस्करून भरवत होती, आणि आतड्याला जखम असताना तीच भाकरी जिवावर बेतली असती. त्या दिवसापासून नुसती पेज आणि दूधपाणी. मधले काही दिवस फार वाईट गेले. पोरगी कुणाला ओळखत नव्हती. माग बंद ठेवून आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होतो.

आता ताप गेला. केस सगळे गळालेत, पायांत बळ नाही, पण भूक अशी लागली आहे की शेजारच्या घरी भाकरी थापल्याचा आवाज आला तरी उठून बसते. डॉक्टरांनी अजून आठवडाभर भाकरी द्यायची नाही म्हणून बजावलंय. काल तिनं आधी आईकडं मागितली, मग माझ्याकडं. मी म्हणालो, डॉक्टर म्हणतील त्या दिवशी पहिला घास मीच भरवीन, आज मिळणार न्हाय. खोटी आशा लावली नाही.

त्यामुळे कालपासून तिनं माझ्याशी बोलणं पुन्हा बंद केलंय. तुझी भावजय घाबरली, पण मी नाही घाबरलो. कारण या वेळचा अबोला तिनं माझ्या मांडीवर बसून धरलाय. हे पत्रही मी तिच्या डोक्यावरून मान काढून लिहितोय, आणि तिचा खाली उतरायचा विचार दिसत नाही.

दिवाळीला दाजींना घेऊन ये. आमच्यावर हात असाच राहू दे.
तुझा
परशराम