वकील नेमके कोणाचे

दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. वसतिगृहातल्या मुलींनी तुझा चष्मा लपवला ते वाचून हसायला हवं होतं, पण सध्या हसू येत नाही. जे झालं ते नीट क्रमाने सांगते. आईला यातलं काही माहीत नाही, तेव्हा तू तिला वेगळं पत्र लिहिलंस तर चुकूनही उल्लेख करू नकोस.

दर महिन्याला आमच्या औषधाच्या दुकानात एक निवृत्त पोस्टमन येतात. आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी लागते. डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमची लिहिली होती, ती संपलेली. मालक नेहमीप्रमाणे दुसऱ्या दुकानात होते. मी त्यांना फोन केला, तर म्हणाले की पाचची आहे ना, ती दे आणि अर्धी घ्यायला सांग. मी दिली. बारा दिवसांनी आजोबांच्या नाकातून रक्त थांबेना, म्हणून त्यांना इस्पितळात नेलं. ते अजून तिथेच आहेत.

मागच्या मंगळवारी दोन पोलीस दुकानात आले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझं नाव विचारलं. ताई, मी गल्ल्याला कुलूप लावायला गेले आणि किल्ली उलटीच घालत राहिले. भिंतीवर प्रमाणपत्र मालकांचं लागलेलं आहे, पण काउंटरवर नऊ वर्षं मी उभी आहे, त्यामुळे तक्रारीत दोघांची नावं आहेत.

मालकांनी लगेच त्यांच्या ओळखीचे मोठे वकील दिले. फी तेच भरणार आहेत. वकिलांच्या ऑफिसात थंडगार हवा, काचेचं टेबल, आणि भिंतभर जाड पुस्तकं. माझं बोलणं त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले की काळजी सोडा, एक छोटासा जबाब तयार करतो, त्यावर सही केली की प्रकरण मिटेल. नाही केली तर तुरुंगात जावं लागू शकतं, असंही म्हणाले. तो शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की मला घरी येईपर्यंत रस्ता दिसत नव्हता.

सोमवारी, सतरा तारखेला सही करायची आहे. तुझा हात डोक्यावर आहे असं समजते. लोभ आहेच, या दिवसांत तो जरा जास्त लागेल.

तुझी
ठकी

—

दि. ८ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मुली जेवायला बसल्या होत्या, त्यांना वाढायचं सोडून उभ्या उभ्या वाचलं.

एकच गोष्ट सांगते. सही करू नकोस. जबाब घरी वाचायला माग. देत नसतील तर उठून ये. ज्या माणसाची फी मालक भरतात, तो माणूस मालकांचा वकील आहे, तुझा नाही. त्याने तुला खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणून तो तुझा होत नाही.

गावात दुसरं कोणी असेलच. मोठं ऑफिस नसलं तरी चालेल. स्वतः जाऊन शोध.

इथला फोन वसतिगृहाच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर असतो आणि त्या कान देऊन ऐकतात, म्हणून फोन करत नाही. मिळताक्षणी उत्तर टाक. मी वाट बघते आहे हे लक्षात असू दे.

तुझी
ताई

—

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मला रडू आलं, पण रागाने. इतक्या लांब बसून सही करू नकोस असं लिहिणं सोपं आहे. इथे दर दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात मला लाकडी बाकावर बसवून ठेवतात आणि शेवटी काही न विचारता घरी पाठवतात. आईला सांगते की दुकानात माल मोजायचा होता. रस्त्यात बूट वाजले तरी मी खिडकीपासून मागे सरते. अशा वेळी हात धरणारा एकच माणूस आहे, आणि तू म्हणतेस की तो माझा नाही.

जबाब मी तिथेच वाचला. त्यात लिहिलंय की मी मालकांना न विचारता, स्वतःच्या मनाने गोळी बदलून दिली. मी म्हटलं की हे असं झालं नव्हतं. वकील हसून म्हणाले की कोर्टाला साधी गोष्ट आवडते, आणि गरीब नोकरदार बाईवर न्यायाधीश दया करतात.

आणि एक लिहिते, रागावू नकोस. सह्यांबद्दल तू मला शिकवू नयेस. तुझी तीन वर्षांची मुलगी तू एका सहीने देऊन टाकलीस. आई अजून तुझ्याशी धड बोलत नाही ती त्यामुळेच. मी तेव्हा लहान होते, पण मला आठवतं.

सोमवारी मी सही करणार आहे. मला हे संपवायचं आहे.

ठकी

—

दि. १३ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

हे पत्र मी जलद टपालाने टाकते आहे. सोमवारच्या आत पोहोचू दे.

तू लिहिलंस ते खरं आहे, फक्त अर्धं आहे. उरलेलं मी तेरा वर्षांत कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायची लाज वाटत होती. मुलगी देऊन टाकली यापेक्षा मला मूर्ख बनवलं गेलं, हे सांगण्याची जास्त लाज वाटत होती. बघ माणूस कसा असतो.

आमचं मोडलं तेव्हा सासरच्यांनीच वकील दिले. घरचेच आहेत, बाहेर शोभा नको, असं सगळे म्हणाले. ते मला बेटा म्हणायचे. एक दिवस कोर्टाच्या जिन्यात, लोकांची ये-जा चालू असताना, त्यांनी माझ्यापुढे कागद धरला आणि म्हणाले की पुढची तारीख घ्यायची आहे, इथे सही कर. पिल्लू माझ्या कडेवर होतं. माझा एकच हात मोकळा होता, त्या हाताने मी सही केली. तिचा ताबा मी स्वखुशीने देते आणि भेटीचा हक्क मागणार नाही, असं त्यात होतं. संध्याकाळी तिला घ्यायला माणसं आली तेव्हा मला कळलं.

नंतर दोन वकिलांकडे गेले. एक म्हणाले की सही तुमचीच आहे ना. दुसऱ्यांनी कागद हातातही घेतला नाही. मग माझा धीर संपला. इथे येऊन दुसऱ्यांच्या ऐंशी मुली सांभाळते आहे.

ठके, मला भीती वाटते आहे की हे पत्र उशिरा पोहोचेल. पोहोचलं तर तो कागद घेऊन दुसऱ्या कोणाकडे तरी जा. तुझ्यावर मी रागावलेली नाही. रागवायला माझ्याकडे आत्ता जागाच नाही.

ताई

—

दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच: सही केलेली नाही.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. ते वाचल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून बसले, आईला आवाज जाऊ नये म्हणून. मागच्या पत्रात जे लिहिलं ते परत घेता येत नाही. भेटशील तेव्हा पाया पडेन, आत्ता एवढंच.

सोमवारी गेले. मोठ्या वकिलांना सांगितलं की कागद घरी नेऊन वाचणार. त्यांचा चेहरा क्षणात बदलला. मालक शेजारीच बसले होते, म्हणाले की नऊ वर्षं मीठ खाऊन अशी उलटलीस का. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि जिना उतरले. खाली येईपर्यंत वाटत होतं की मागून कोणीतरी खांदा धरेल.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एक वकीलबाई बसतात. आपल्या शेजारच्या शिंपीणबाईंनी त्यांचं नाव सुचवलं, त्यांच्या भाडेकरूचं प्रकरण बाईंनी पाहिलं होतं. खोली इतकी लहान की मी बसले तेव्हा दार लागेना. बाईंना जाड भिंगांचा चष्मा, आवाज कोरडा, पंखा कुरकुरणारा. त्यांनी मला तासभर बोलू दिलं. मधे फक्त तारखा विचारल्या. आधी फी सांगितली, वकीलपत्र वाचून दाखवलं, आणि मगच माझी सही घेतली.

त्या म्हणाल्या की मालकांना फोन केला त्याची नोंद टेलिफोनवाल्यांकडे असते, ती मागवता येईल. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी विचारलं की गोळ्यांच्या पाकिटावर मी काय लिहिलं होतं. अर्धी, की एक?

ताई, मला आठवत नाही. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. तोंडाने अर्धी म्हटल्याचं आठवतं. लिहिलेलं आठवत नाही. ते पाकीट आजोबांच्या सुनेकडे आहे. बाई म्हणाल्या की आपण ते मागवायलाच हवं, समोरच्यांनी काढण्याआधी आपल्याला माहीत हवं. मी नको म्हटलं. त्या पेन हातात धरून थांबल्या, मी हो म्हणेपर्यंत.

आता पोलिसांपेक्षा त्या पाकिटाची भीती वाटते.

तुझी
ठकी

—

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट आलं. माझंच अक्षर आहे. ‘रोज १’ असं लिहिलंय.

वकीलबाईंच्या टेबलावर ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. मी कितीतरी वेळ बघत राहिले की तो आकडा दुसरा काहीतरी निघेल. आजोबा माझ्यामुळे इस्पितळात गेले. मालकांनी चुकीची गोळी द्यायला लावली, पण आकडा मी लिहिला.

मी बाईंना म्हटलं की आता त्या मोठ्या वकिलांच्या कागदावर सही करून टाकते, चूक माझीच आहे. तेव्हा पहिल्यांदा त्या जराशा चिडल्या. म्हणाल्या की तुमची चूक तेवढी तुम्ही घ्या, दुसऱ्याची आपल्या डोक्यावर घेणं हा प्रामाणिकपणा नव्हे. जे घडलं ते सगळं, जसंच्या तसं, कोर्टात सांगायचं. शिक्षा होणारच नाही असं वचन त्या देत नाहीत, हेही स्पष्ट म्हणाल्या. मोठ्या वकिलांनी मला दिलासा दिला होता आणि मी घाबरले होते. या बाईंनी काहीच दिलासा दिला नाही, तरी मी जिना सरळ उतरले.

आईला काल सांगितलं. तुझं सुद्धा. रागावू नकोस. ती बराच वेळ डाळ निवडत राहिली, मग ताट बाजूला सारून आत गेली. तिने काय म्हटलं ते ती स्वतः लिहिणार आहे म्हणे.

तुझा तो कागद अजून तुझ्याजवळ आहे का? वकीलबाईंनी विचारलंय. मी त्यांना न राहवून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की पाठवायला सांगा.

तुझी
ठकी

—

दि. ९ मे

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

निकालाची तार मिळाली. मोठ्या बाईंसमोर मी ती उघडली आणि त्यांच्याच खुर्चीत बसले, त्यांनी मला पाणी दिलं. तुरुंग नाही. दोन वर्षं औषधांना हात लावायचा नाही, हे तू भोगशील, मला माहीत आहे. मालकांचा परवाना गेला ते योग्य झालं. आणि आजोबा काठी टेकत साक्षीला आले, म्हणाले की ही मुलगी नीट वागते पण त्या दिवशी चुकली, हे तू तारेत लिहिण्याइतकं महत्त्वाचं मानलंस, ते मला फार आवडलं.

आईचं पत्र आलं. चार ओळी. तेरा वर्षांत पहिल्यांदा ‘तुझी’ असं लिहून खाली सही केली आहे.

कागदाची प्रत वकीलबाईंना पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं की मुलाच्या भेटीचा हक्क असा एका सहीने कायमचा संपत नाही, अर्ज करता येतो, मात्र मुलगी आता सोळा वर्षांची आहे, कोर्ट तिला विचारील. ठके, या ओळीवर मी अडकले आहे. कोर्टाची भीती नाही वाटत. ती नाही म्हणाली तर? इतकी वर्षं निदान मी असं समजू शकत होते की तिला कोणी विचारलंच नाही.

तरी अर्ज करा असं त्यांना कळवलं आहे.

तुझी
ताई

—

दि. २७ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

कोर्टातून थेट लॉजवर आले आणि लिहायला बसले.

भेटीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात विणत बसलेली एक कर्मचारी बाई. मुलगी आली तशी मी खुर्चीवरून उठले. ती उंच झाली आहे, माझ्यापेक्षा. चालते आपल्या आईसारखी, किंचित पुढे वाकून.

तिने बसण्याआधीच विचारलं की तुम्ही इतकी वर्षं का आला नाहीत. मला ‘तुम्ही’ म्हणाली, ठके. मी उत्तरं पाठ करून गेले होते, ती सगळी विसरले. सांगितलं की मी न वाचता एका कागदावर सही केली आणि नंतर मला लढायची भीती वाटली. कोणाचं नाव घेतलं नाही.

तिने कागद बघायला मागितला. मी पिशवीतून काढून दिला. खिडकीपाशी उभी राहून तिने तो वाचला, एकदा वरपासून, मग परत वरपासून. तारखेवर बोट ठेवून म्हणाली की तेव्हा मी तीन वर्षांची होते. मी हो म्हटलं. तिने सही कुठे आहे ते विचारलं. दाखवली. सही इतकी वाकडी का, असंही विचारलं. मी सांगितलं की तू माझ्या कडेवर होतीस.

तिने त्या सहीवरून बोट फिरवलं. विणणाऱ्या बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. तिने कागद घडी करून परत दिला, दारापर्यंत गेली, आणि मागे वळून विचारलं की पुढच्या महिन्यात तू कोणत्या गाडीने येणार आहेस.

आईला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. तुम्हा दोघींच्या मायेवर इथवर आले, ती अशीच असू द्या.

तुझी
ताई