शेजाऱ्याने काढलेली वाट

६ नोव्हेंबर

गावाहून दिवसभराचा प्रवास करून आले एकदाची सास्काटूनला. गावी सगळे म्हणत होते, शहरात तुला कुत्रंही विचारणार नाही. इथे सामान उतरवायच्या आत शेजारची स्टेफा हनात्यूक पेरोगींचं, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं घेऊन दारात हजर. तिच्या नवऱ्याने, ओरेस्टने, खाट आत घ्यायला हात दिला. घर छोटं आहे, भाडं नवल वाटावं इतकं कमी. सोमवारपासून शाळेची बस चालवायची. मागची खोली बाबांसाठी लावली. डिसेंबरात त्यांच्या हृदयाची तपासणी इथल्या इस्पितळात आहे. त्यांना किल्ली पोस्टाने पाठवून दिली.

१४ नोव्हेंबर

रात्रभर बर्फ पडला. पहिली फेरी आटोपून आले तर रस्त्यापासून माझ्या दारापर्यंत वाट काढलेली, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या. ओरेस्टचं काम. सत्तरीचा माणूस! बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अशा माणसाशेजारी राहायला भाग्य लागतं. त्यांना स्वतःला न काढलेली वाट बघवतच नाही. कुणाकडेही गेले तरी आधी फावडं मागतात, मग कॉफी.

मी पाव भाजून नेला. गंमत म्हणजे ओरेस्टच्या स्वतःच्या पायऱ्या गुडघाभर बर्फात. दिव्याखाली अंधार, मी चिडवलं. तो हसला नाही. आम्ही मागच्या दाराने जातो-येतो, म्हणाला.

२३ नोव्हेंबर

पुन्हा बर्फ, पुन्हा वाट तयार. दिवेलागणीला दारावर थाप पडली. असल्या थंडीत आपल्याकडे कोण म्हणून विचारत नाहीत, आधी दार उघडतात. पण मी न्हाणीघरात होते. धावत आले तोवर थाप थांबली होती. घर तापवणारी भट्टी धडधडत असताना दाराच्या आतल्या मुठीवर बर्फ धरला होता. पोरांची मस्करी असेल. सापडू देत एकदा.

१ डिसेंबर

पुन्हा थाप. आज खिडकीतून पाहिलं. म्हातारा माणूस, अंगात नुसता सदरा, पायात घरातल्या सपाता. कडीला हात घातलाच होता. मग त्याचे डोळे दिसले. उघड्या बुबुळांवर बर्फ, आणि पापणी लवत नाही.

उघडलं नाही. जन्मात पहिल्यांदा थंडीतल्या माणसाला दार उघडलं नाही.

२ डिसेंबर

स्टेफाला मागच्या गल्लीत गाठलं आणि हलूच दिलं नाही. शेवटी बोलली.

गॉर्डन नावाचा म्हातारा माझ्या घरात राहायचा. वादळात बाहेर आला आणि मागे दार लागून गेलं. गल्लीतलं प्रत्येक दार त्याने ठोठावलं. प्यायला असेल म्हणून कुणीच उघडलं नाही. ओरेस्ट टीव्हीवर हॉकी बघत होता, त्याने आवाज वाढवला. सकाळी गॉर्डन माझ्या पायरीवर गोठून मेलेला सापडला. त्या दिवशी कमरेएवढ्या बर्फात रुतला होता, म्हणून आता काढलेल्या वाटेनेच येतो. वाट कुठेच नसली की गल्लीभर भिंती ठोकत फिरतो. माझ्याआधी इथे एक विद्यार्थिनी होती. तिने दार उघडलं. सकाळी तीही पायरीवर, अनवाणी.

मी विचारलं, मग माझ्याच दाराशी वाट का काढता? ती म्हणाली,

"आम्हीही माणसंच आहोत गं. कुणाकडे तरी तो जाणारच."

तळपायाची आग मस्तकात गेली. पेरोगी खाऊ घालून केसाने गळा कापणारी माणसं! आणि मी त्यांना पाव भाजून दिला.

५ डिसेंबर

बाबा येऊन तपासणी झाली की त्यांच्याच गाडीत सामान टाकून जाणार. तोवर मी कुणाचं बकरं होणार नाही. आज ओरेस्टच्या पायऱ्या मी साफ केल्या. खालच्या लाद्या दिसेपर्यंत. निघालेला सगळा बर्फ माझ्या वाटेवर टाकला. शेजारधर्म!

संध्याकाळी थाप त्यांच्या दारावर पडली. त्यांच्या टीव्हीचा आवाज वाढला. मला आनंद झाला. हो, झाला.

६ डिसेंबर

ओरेस्टने पायऱ्या पुन्हा बुजवल्या. आता वाट कुठेच नाही.

भिंती ठोकतोय. एकेक घर. माझी भिंत — मग त्यांची — पुन्हा माझी. ठोकू दे. मी दार उघडणार नाही आणि वाटही काढणार नाही.

७ डिसेंबर

बाबांना फोन केला, हॉटेलात उतरा म्हणायला. उचलत नाहीत. त्यांच्या गावच्या शेजारणीला फोन लावला, ती म्हणते, वादळाच्या आधी पोहोचायचं म्हणून आजच निघाले.

अंधारतंय. भिंतीवरची ठोकाठोक थांबली. का थांबली —

बाहेर फावडं घासल्याचा आवाज. ओरेस्ट, तुझा मी —

ओरेस्ट नाही. बाबांची गाडी उभी आहे. न काढलेली वाट दिसली आणि लागले कामाला. रस्त्यापासून पायरीपर्यंत — काढूनही झाली —

मी खिडकीची काच बडवतेय. बाबांनी टोपी कानांवर ओढलीय, त्यांना ऐकू जात नाही. कडी लावावी तर बाबा बाहेर राहतील. मीच त्यांना बाहेर —

कुणाशी तरी बोलताहेत. हसून.

"अहो, असे सपातांवर काय उभे? चला आत, माझ्या लेकीचंच घर आहे."

किल्ली फिरते आहे. बाबा, नका, बा