झोळीत कोण बसणार

तीर्थरूप आईला धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवतो वेळेवर. उन्हाळ्यात पाहुण्यांना भाड्याने द्यायची शिडाची यॉट आम्ही सध्या घासूनपुसून तयार करतोय. मालक रोज येऊन अक्कल पाजळतो. गाद्या पांढऱ्या हव्यात की दुधी, यावरून आठवडाभर त्याने आमचं डोकं खाल्लं. समुद्राबद्दल त्या मठ्ठाला एवढंच ठाऊक, की तो ओला असतो.

डोलकाठीच्या टोकाची कप्पी बदलायची होती. त्यासाठी एकाने कापडी झोळीत बसायचं आणि खालच्या माणसाने त्याला दोराने वर ओढायचं. तो दोर पार विरला होता. नवा मागितला तर मालक म्हणतो, "पाहुण्यांना दोर थोडाच दिसतो?"

मी म्हटलं, "बरोबर आहे साहेब. मग आज तुम्हीच बसा झोळीत, मी ओढतो. वरून गाद्यांचा रंगही नीट दिसेल."

त्याने जन्मात पहिल्यांदा तो दोर हातात घेऊन पाहिला. तोंड बघण्यासारखं झालं होतं! संध्याकाळच्या आत नवा दोर आला. वर अर्थात मीच गेलो. नीट खाली आलोय, उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि बाबा अजून त्या मोडक्या शिडीवरूनच टाकी बघायला चढतात का? वर "काही होत नाही गं" म्हणतच असतील. पुढच्या वेळी तू सरळ पदर खोच आणि म्हण, "व्हा बाजूला, आज मी चढते."

तुझा,
धाकटा