जस्ताच्या गोळ्या

शेंद्रा,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप आप्पासाहेबदादा यांना धाकट्या सारजाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनानं. गुडघे ऐकत नाहीत, म्हणून खुर्चीवर बसूनच लिहिते आहे.) वहिनींच्या कंबरेचं कसं काय? शेक घेतात की नुसत्याच कुरकुरतात? इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत. दसऱ्याच्या आधी मात्र हे वाक्य लिहायची माझी हिंमत झाली नसती. फोनवरच सांगितलं असतं, पण गोष्ट रंगात आली की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. पत्र मधेच ठेवलं तरी ते पुन्हा उचलावं लागतं.

आमच्या सासऱ्यांची, आबांची, ठासणीची बंदूक तुम्ही पाहिलीच आहे. शेताच्या राखणीचा परवाना आता ह्यांच्या नावावर आहे. मक्यात रानडुकरं शिरली की बार काढून आवाज करायचा, एवढंच तिचं काम. पण दसऱ्याला तिची पूजा करायची आणि तिच्यापुढं घरी ओतलेली ताजी गोळी ठेवायची, ही सासऱ्यांची रीत. ते चुलीवर शिसं वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. ह्यांनीही तसंच चालवलं, आणि कंपनीतून निवृत्त झाल्यापासून तर लईच मन लावून. (नोकरीत असताना रीतभात पाळायला ह्यांना वेळ नसायचा. आता दिवसभर रीतभातच.)

यंदा तनुजानं मोडता घातला. सूनबाई शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिला आठवा लागलाय हेही वहिनींना कळवलं होतं. चुलीपाशी शिशाचा गोळा पाहून ती म्हणाली, "मामा, शिसं म्हणजे विष आहे, आणि पोटातल्या बाळाला तर फारच वाईट. घरात नको." ह्यांनी गोळा फडक्यात गुंडाळला. मग तिनं सहज विचारलं, की आबांचे हात थरथरायचे आणि ते नावं विसरायचे, असं ऐकलंय, ते खरं का? हे जे उठून गोठ्यात गेले ते जेवायलाही आले नाहीत. दादा, शेवटच्या वर्षांत सासरे मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. कदाचित वयच असेल. तनुजाही म्हणाली, की आता ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तेव्हापासून हे स्वतःच्याच हातांकडं बघत बसायला लागले. भाकरी मोडताना थांबायचे आणि बोटं न्याहाळायचे.

असं काही दिवस चाललं, आणि मग तनुजाच्या औषधाच्या पाकिटावर ह्यांना एक शब्द सापडला. मला म्हणाले, "झिंक म्हणजे जस्तच ना? डॉक्टर पोटुशीला जस्ताच्या गोळ्या देतात. मग मी ओतल्या तर काय बिघडलं?" (दादा, मी पाकीट उलटून पाहिलं, बंदुकीबद्दल त्यावर काही लिहिलं नव्हतं.) लगेच शहरात जाऊन मुनीबभाईंकडून जस्त आणलं. हे मुनीबभाई ह्यांच्याबरोबर कंपनीत होते. त्यांच्या घरी बिदरीची, म्हणजे काळ्यावर चांदीची नक्षी असलेली, भांडी बनतात आणि ती जस्ताचीच ओततात. त्यांनी बजावलं होतं म्हणे, "साहेबराव, इसका धुआँ मत लेना." ह्यांनी मान डोलावली. ह्यांच्या मान डोलावण्याला काय अर्थ असतो ते मी इतकी वर्षं बघतेय.

तनुजा माडीवर झोपली होती, तेवढ्यात ह्यांनी गोठ्यामागं शेगडी पेटवली. आच इतकी दिली की पांढरा धूर निघाला आणि वर कापसासारखं काहीतरी तरंगायला लागलं. हे त्यावरच वाकून बसलेले! गोळ्या निघाल्या त्या सुरकुतलेल्या, हलक्या, वाळलेल्या बोरांसारख्या. त्यातल्या त्यात एक धड होती. ती पूजेला ठेवायची सोडून दिवेलागणीला हे म्हणाले, बसते का ते बघतो. खाली दारू भरली आणि गोळी वरून ठासली. शिसं मऊ, ते दाबलं की जागा करून घेतं. जस्त कुणाचं ऐकत नाही. गोळी अर्ध्या नळीत जाऊन जी रुतली, ती ना खाली ना वर.

आणि नेमकी तेव्हाच ह्यांना थंडी भरली. तो धूर बाधला होता. दात वाजायला लागले, अंग भट्टीसारखं तापलं, आणि हातात भरलेली बंदूक. खाली ठेवायला भीती वाटत होती आणि धरवत तर नव्हती. तनुजा जिन्यातून खाली आली तसे हे ओरडले, "कुणी पुढं येऊ नका! फुटंल!" नळी आभाळाकडं केलेली, पण हात थरथरल्यामुळं ती आभाळ सोडून सगळीकडं फिरत होती. दादा, त्या थरथरणाऱ्या हातांकडं बघताना ह्यांच्या डोळ्यांत जी भीती होती, ती बंदुकीची नव्हती. ते मला दिसलं.

मी त्या बंदुकीला कधी हळदकुंकवाच्या बोटाखेरीज हात लावला नव्हता. पण त्या वेळी गेले, मागून धरली, ओढून घेतली आणि म्हशीच्या हौदात सोडली. नळीतून बुडबुडे आले. हे हौदाच्या काठाशी आले.

"आबांची बंदूक बुडवलीस तू."

"व्हय, बुडवली. तुम्ही आत चला."

रात्रभर ताप होता, सकाळी उतरला आणि हातही स्थिर झाले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून हे कितीतरी वेळ रडले. मी म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. (म्हशीनं त्या हौदाला तोंड लावलं नाही. तिच्यासाठी हौद उपसावा लागला.) बंदूक शहरातल्या बंदूकवाल्याकडं नेऊन मोकळी केली. तो म्हणाला, घोड्याखाली बार पेटवणारी टोपी चढवलेलीच नव्हती, म्हणजे तिनं पेट घ्यायचं तसं कारणच नव्हतं. हे मी ह्यांच्याकडं बघत ऐकलं, आणि हे दुकानाच्या छताकडं बघत.

दसऱ्याला बंदूक पुजली, गोळीविना. हे आबांच्या फोटोसमोर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "आबा, यंदापासून गोळी नाय. घरात लेकरू येणार हाय." तनुजा पदराआड हसली, मला मात्र हसू आलं नाही. घरच्या सगळ्यांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
सारजा

ता. क. हे आता गावभर सांगतात, की बंदूक त्यांनीच प्रसंगावधान राखून हौदात टाकली. तुमच्यासमोर सांगतील तेव्हा नवल वाटल्यासारखं करा.

ता. क. दुसरा. मुख्य काम राहिलंच. तनुजा म्हणते, ह्यांच्या रक्तातलं शिसं तपासायला हवं. हे एकटे जायला तयार नाहीत. रविवारी गाडी घेऊन पाचोडला येतील, तुम्ही फक्त सोबतीला दवाखान्यात या. तुम्हाला काही करायचं नाही.

ता. क. तिसरा. ह्यांना मी सांगितलंय, की तपासणी आप्पासाहेबांची आहे, कारण ते नाथसागरावर जाळं टाकायला जातात तेव्हा जाळ्याचे शिशाचे मणी दातांनी दाबतात आणि गेल्या भाऊबिजेला ओवाळणी टाकताना त्यांच्या हाताच्या थरथरीनं निरांजन दोनदा विझलं, म्हणून ह्यांनी फक्त सोबतीला जायचं. दोघांपैकी खरं कुणाला सांगितलं हे वाटेत एकमेकांना विचारत बसू नका. तनुजा दोन सुया काढून ठेवणार आहे.