नाडीचा डायपर

प्रशिक्षण केंद्र, नागपूर
१४ जुलै २०२४

ती. सौ. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून तुमी हसान. घरात तीन मोबाईल, अन् सून सासूले पत्र लिहिते! पन इथं मोबाईल जमा असतात. रविवारी दहा मिनिटं भेटते, ती हरीओमच्या रडण्यात जातात. आज तर त्यानं माझं तोंड दिसताच फोन फेकला. शिवाय फोनवर तुमी सारे भोवती उभे असता, मग मनातलं बोलता येत नाही.

माझं बरं चाललं हाय. पहाटे धावणं, मग परेड, गुडघे सोलले. दोन महिने झाले, पोलीस व्हायले अजून सात बाकी.

बोलायचं होतं ते हरीओमच्या डायपरचं. मी निघाली तवा दिवसाचं सुटलंच होतं, अन् रातचाही हप्त्यातून तीन-चारदा कोरडा उठे. आता हे म्हनतात की पुन्हा रोज भिजवते. मी सोडून आल्यानं झालं असंल काय? हा विचार आला की जेवण गोड लागत नाही. माझ्या खोलीतल्या धम्मदीपाताईले दोन लेकरं हायेत. ती म्हनते, घाई करू नये, लागोपाठ बऱ्याच सकाळी कोरडं उठलं की लेकरू तयार झालं समजावं.

म्हनून हात जोडून सांगते, त्याले रागावू नका, अन् शेजारच्या पोरांसमोर त्याचं नाव काढू नका. दिवाळीले मी चार दिवस येईन, तवा आपन दोघी मिळून ठरवू. तवर रातच्याले डायपर राहू द्या. पाकीट कपाटाच्या खालच्या कप्प्यात हाय.

मामाजींना नमस्कार. माया हाय तशीच राहू द्या.

तुमची,
ज्योत्स्ना


अनसिंग
२२ जुलै २०२४

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र पोस्टमननं हाती देल्लं तवा मले वाटलं ब्यांकेचंच काही असंन. उघडून पायते तं सूनबाईचं अक्षर! सातवी पास सासू हाय तुयी, सारं वाचलं मी, कोनाले विचारलं नाई.

पोराची कायजी करू नको. खाते, खेयते, आजोबाच्या खांद्यावर बसून वावरात जाते. सोयाबीन गुडघ्याले लागलं. हरीओमचा बाप राजू तन काढाच्या डवरनीत हाय.

आता डायपरचं. आमी पाच लेकरं वाढवले, एकाच्याई कमरेले असं गाठोडं बांधलं नाई. तरी तू म्हनली म्हनून ठेवलं होतं. पन आता कायले? पोट्टा शाना झाला. आठ दिवस झाले, रोज सकायी कोरडा ठनठनीत उठते. मी तं ते डायपर काढूनच टाकले. त्याची आठवन काढून रडत बसू नको, तुयी परेड कर. गुडघ्याले खोबरेल लाव.

लेकराची आजी हाय, एवढं ध्यानात ठेव आनी खुशाली लिवत जाय.

तुयी आत्याबाई,
रुख्मिणी

ता. क. पत्र टाकायले मीच चाललो, म्हनून रिवाजाप्रमाने कोऱ्या जागेत दोन ओयी लिवतो. पानी बरं हाय. फक्त हरीओमची गोधडी वायत नाई. रोज सकायी तुयी आत्याबाई धुते, गच्चीवर टाकली की पानी येते. मंग मी चुलीपाशी दोरी बांधली. काल दोन गोधड्या होत्या. बाकी सारं ठीक. आशीर्वाद. जगदेव.


नागपूर
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. आत्याबाईंस,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी खोलीत नाचली. धम्मदीपाताईले वाचून दाखवलं, मेसमधल्या बाईलेही सांगितलं. मग खालच्या कोपऱ्यात मामाजींच्या दोन ओळी वाचल्या.

काय म्हनू तुमाले? आपल्या घरात पत्रावर सगळ्यांनी दोन-दोन ओळी लिहायची रीत हाय, ते तुमी विसरल्या. मामाजींना बोलू नका, त्यांनी तुमचं पत्र वाचलंच नसंल. त्यांचा स्वभाव मले माहीत हाय, जे दिसते ते लिहितात. पन तुमी? मी एवढंच मागितलं होतं की डायपर राहू द्या, अन् खरं काय ते कळवा. तुमी डायपरही काढला अन् वरून खोटंही लिहिलं. मी चोर पकडायचं शिकून राह्यली, अन् घरातच फसली.

मले राग येऊन राह्यला, पन त्याच्यापेक्षा भीती जास्त हाय. रोज ओल्या गोधड्या म्हनजे माझं लेकरू माझ्यासाठी झुरते. तसं असंल तर हे सारं सोडून येते मी. भरती काय, पुढंही निघंल. लेकराचं तिसरं वर्ष पुन्हा येनार नाही.

डायपर परत सुरू करा. यापुढं मले गोड लिहू नका, खरं लिहा.

ज्योत्स्ना


अनसिंग
१२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. ज्योत्स्नास,
आशीर्वाद, अन् माफीबी.

तुयं पत्र वाचलं. आंधी तुया मामाजीले बोलली. म्हनलं, तुमाले कोनी सांगतलं होतं गोधड्या मोजायले! ते म्हनले, गोधडी ओली होती तं ओलीच लिवली.

खोटं काहून लिवलं ते सांगते. राजूलेई ठाऊक नाई हे. राजू अडीच वर्साचा होता तवा गावातल्या अंगनवाडीसाठी मायं नाव लागलं होतं. ट्रेनिंगसाठी वाशीमले ऱ्हा लागत होतं. मी गेली. आठव्या दिवशी माया सासूचा निरोप आला, पोरगं झुरून राह्यलं, अन्न सोडलं, लवकर ये. मी तशीच निंगाली, एष्टीत रडत रडत आली. येऊन पायते तं राजू आंगनात गोट्या खेयत होता, तोंडाले भाकरीसंग खाल्लेला गुय लागला होता. परत गेली तं मायी जागा ललिताबाईले देल्ली होती. पस्तीस वर्सं त्या बाईनं नोकरी केली. रोज मायाच दारावरून जाये, मी सडा टाकत असो.

मंग तुयं पत्र आलं, अन् मले वाटलं मीबी ओली गोधडी लिवली तं हे पोरगी एष्टीत बसंन. म्हनून उलटं खोटं लिवलं. खोटं ते खोटंच, कबूल हाय.

डायपर आजपासून सुरू केला. ऐक खरं: हरीओम रोज भिजवते. पन झुरत नाई. दोन भाकरी खाते अन् कुत्र्याच्या पाठीवर बसाले पायते. येऊ नको, वो माय. राग हाय तोवर राग धर, पन तिथंच ऱ्हाय.

तुयी,
रुख्मिणी


अनसिंग
१८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. ज्योत्स्नास,
अनेक आशीर्वाद.

मधात तुयं एकच पत्र आलं, तेई चार ओयीचं. समजली मी.

पोया झाला. तान्ह्या पोयाले तुया मामाजीनं रविकांत सुताराकून हरीओमसाठी लाकडाचा बैल करून आनला. अवो, काय त्याचा थाट! पाठीवर झूल, शिंगाले शेंब्या, गयात घुंगरू. साऱ्या गल्लीत ओढला, घरोघरी खाऊ जमवला. रातच्याले बैल उशाशी घेतल्याबिगर झोपेना. मी म्हनलं, बैल भिजंन बापा. त्यानं ते असं मनावर घेतलं की इचारू नको. आता झोपाच्या आंधी सोता उठते, बैलाले बगलेत धरून मोरीत जाते, आंधी बैलाले 'सू' कराले लावते, मंग आपन करते.

तवापासून, म्हंजे चार तारखेपासून, आज पंधरा सकाया झाल्या, डायपर कोरडा हाय. तू म्हनली होती तसाच रोज घालते, काढला नाई. हे खरं लिवून राह्यली मी. तिसरा वाढदिवस झाला, शिरा केला होता.

कवा तरी मन मोठं करून लांब पत्र धाड.

तुयी,
रुख्मिणी


नागपूर
२९ सप्टेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

बैलाचं वाचून हसू आलं, अन् मग रडूही आलं. लय गोड लिहिता तुमी. त्याचंच तर भ्या वाटते.

रागावू नका, पन माझा विश्वास बसत नाही. जुलैतही तुमी असंच कोरडं लिहिलं होतं. तुमचं मन मले कळलं आत्याबाई, तुमची नोकरी गेली ते वाचून मी दोन दिवस नीट झोपली नाही. पन म्हनूनच वाटते, मले इथं ठेवण्यासाठी तुमी काहीही लिहान. पत्रात लेकरू कोरडं ठेवनं सोपं हाय.

मी अर्ज लिहून ठेवला हाय. दिवाळीले येते, हरीओमले पाहते, अन् तो झुरत असंल तर परत येनार नाही. कोनाले सांगितलं नाही, यांनाही नाही. तुमालेच सांगते. बॅग पूर्ण भरून आनते.

ज्योत्स्ना


अनसिंग
८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. ज्योत्स्नास,
आशीर्वाद.

तुये मामाजी पेरनीच्या आंधी घरचं बेनं तपासतात. शंभर दाने ओल्या पोत्यात गुंडायतात, अन् किती उगवले ते सोता मोजतात. पिशवीवर काय छापलं त्याले ते इचारत नाईत. तू बी तसंच कर. मी आता डायपरचं एक अक्षर लिवत नाई. तू ये, अन् तुया डोयानं मोज.

फक्त बॅग अर्धी भरून आन. जातांनी फराय न्या लागंन ना!

वाट पायतो.

तुयी,
रुख्मिणी


नागपूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाईंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचली. चकल्या दोन दिवसांत संपल्या, धम्मदीपाताई तुमाले नमस्कार सांगते. निघताना सांगायचं राहून गेलं. तुमी डब्यांत अन् मी बॅगेत डोकं घातलेलं. म्हनून आता लिहिते.

आली त्या रात्री मी डायपर काढायले कपाट उघडलं, तर आत नवं पाकीट, जवळजवळ भरलेलंच. तुमी बाजेवरून एकच डायपर उचलून माझ्या हातात दिला. चिकटपट्ट्या केव्हाच गेलेल्या, दोन्ही बाजूंनी तुमी परकराची नाडी शिवलेली! आत्याबाई, जगात कोनी डायपरले नाडी लावली असंल काय? कोरडा हाय तर फेकायचा कायले, म्हनून रोज तोच. अन् नाडीवर लाल दोऱ्याचे टाके, एका कोरड्या सकाळचा एक.

मी ते दोनदा मोजले. एकोणचाळीस भरले. पोळ्यापासून अठ्ठावन्न पाहिजे होते. मले वाटलं, सापडलं खोटं. तुमाले विचारलं तर तुमी म्हनल्या, अठरा सकाळी कोरड्या गेल्या, मग एक रात ओली झाली, म्हनून तो फेकला अन् नव्या डायपरवर पहिल्यापासून टाके घातले. ओली रात लपवून अठ्ठावन्न टाके तुमाले सहज घालता आले असते. मी कुठं पाहायले होती? तुमी नाही घातले. तिथंच माझा भरोसा परत आला.

त्या रात्री मी तो नाडीचा डायपर बांधलाच नाही, त्याले तसंच कुशीत घेऊन झोपली. अन् पहाटे काय, गोधडी ओली, माझी साडी ओली, बैलही ओला! करंज्या खाऊन वर पानी प्यायला होता, अन् आनंदात बैलाले मोरीत न्यायचंच विसरला. तुमी चहा घेऊन आल्या अन् माझ्याकडं अशा पाहत राहिल्या जसं तुमचंच काही चुकलं. मले मात्र हसू आवरेना. चार महिने मी म्हनत होती, मी गेली म्हनून भिजवते. अन् भिजवलं कवा, तर मी आली तवा! लेकरू लेकराच्या हिशोबानं मोठं होते, आत्याबाई. पुढच्या तीन सकाळी तो कोरडाच उठला, हे तुमी पाहिलंच.

अर्ज चुलीत टाकला. तुमी पाहिलं, अन् त्याच चुलीवर चहा ठेवला.

भरलेलं पाकीट शेजारच्या निताले द्या, तिच्या लहानीले कामी येईल. नाडीचा मात्र शोधू नका, तो मी न सांगता घेऊन आली. काल आमच्या पेट्यांची तपासणी झाली. मॅडमनं गणवेशाच्या घडीखालून तो काढला, उलटा-पालटा केला, नाडी ओढून पाहिली, अन् कडक आवाजात विचारलं की हे काय हाय. मी सावधान उभी राहून सांगितलं, घरून आलेलं पत्र हाय. माझ्या सासूबाईंच्या हातचं.

मॅडमनं घडी घालून जसं होतं तसं परत ठेवलं. फेब्रुवारीत दीक्षांत संचलन हाय आमचं. तुमी यायचं, पुढच्या रांगेत बसायचं, अन् बैलही आनायचा.

तुमची,
ज्योत्स्ना