झिंगीचे दात

मु. बोडीटोला, ता. नागभीड
२ जुलै २०२४

चि. घनश्याम यास थोरल्या बहिणीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इथे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे, बाकी सगळ्यांची तोंडं वाकडी आहेत. पावसाळ्यात तुझ्या भामरागडला फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिते. लागला असता तरी लिहिलंच असतं. घरात फोन एकच, तो हेमराजच्या खिशात. पोटचा लेक असला म्हणून काय झालं, त्याची तक्रार त्याच्याच फोनवरून कशी करायची?

झालं असं की दोन महिन्यांपूर्वी तलावाच्या पाळीवर मला कुत्रीचं पिल्लू सापडलं. भावंडं लोकांनी नेली होती. ही मादी, म्हणून राहिली. मी पदरात घालून घरी आणली. तेव्हा तळहाताएवढी होती, तलावातल्या झिंग्यासारखी, म्हणून नाव ठेवलं झिंगी. आता चार महिन्यांची झाली असेल आणि दातांना खाज सुटली आहे. हेमराजच्या दोन चपला, फोनचा चार्जर, सुपाची कड, खराटा आणि गाडीच्या सीटचा कोपरा, एवढं तिच्या पोटात तरी गेलं किंवा अंगणभर तरी पसरलं. सूनबाई उर्वशी म्हणते की मी कुत्रं नाही, घूस आणली. हेमराजनं परवा जेवताना जाहीर केलं की पोळ्यापर्यंत कुतरनं थांबलं तर ठीक, नाईतर मुखरूच्या वावरात नेऊन सोडतो.

मुखरूचं वावर तुला माहीत आहे, जंगलाला लागून. रानडुकरांवर भुंकायला त्याला कुत्रं लागतं. वर्षभरात त्याची दोन कुत्री बिबट्यानं उचलली. आता तिसरं पाहिजे. माझी झिंगी का बिबट्याची भाजी आहे?

खरं सांगू का घनश्याम, प्रश्न चपलेचा नाही. तुझे भाऊजी गेले त्याला आठ महिने होत आले. तेव्हापासून या घरात मला विचारून एक गोष्ट झाली नाही. शेळ्या विकल्या, मी बाजारातून आले तर गोठा रिकामा. चूल हलवली, माझी खाट पडवीत आणली. मी काही बोलले नाही. पण आता बोलणार. एवढा एक जीव माझ्या शब्दावर घरात राहील की नाही, ते मला पाहायचं आहे.

तू जंगल खात्यात तीस वर्षं काढलीस. आलापल्लीच्या लाकूड डेपोत होतास तेव्हा तुझ्यामागे सात कुत्री फिरत असं तूच सांगतोस. त्यातलं काही डोक्यात उरलं असेल तर कळव. मात्र पिल्लू देऊन टाक हा सल्ला पाठवलास तर पत्र चुलीत जाईल. लोभ असू दे, भाषण नको.

तुझी बाई,
इंदिरा

भामरागड
९ जुलै २०२४

ती. बाईस घनश्यामचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचून हसलो आणि मग भ्यालो, कारण तू गप्प बसतेस तेव्हा बरी असतेस. हेमराजला सांग की त्याची आई लहानपणी पाटीवरची पेन्सिल कुरतडून खायची. आमच्या बाबांनी तिला कुणाच्या वावरात नेऊन सोडलं नाही.

आता कामाचं. मारू नको. चप्पल घेऊन पळाली तर मागे धावू नको, तिला वाटतं बाई खेळायला आली. वस्तू उंच ठेवा. हातातलं काढून घ्यायचं तर बदल्यात भाकरीचा तुकडा दे. सकाळ-संध्याकाळ पाळीवरून दमेपर्यंत फिरव, दमलेलं पिल्लू चपला शोधत नाही. बांधून ठेवलं तर आणखी चावेल. दुधाचे दात पडून पक्के आले की निम्मा त्रास आपोआप जाईल, अजून दोनेक महिने धर. चपलांना मोहाच्या बियांचं तेल चोळून ठेव, ते कडू असतं, तोंड लावणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, तिला तिची स्वतःची वस्तू दे. घरातलं काहीतरी जुनं, टाकाऊ, जे तिनं हवं तेवढं चावावं.

हेमराज वाईट नाही गं. भाऊजी अचानक गेले, सगळा भार त्याच्या अंगावर पडला. विचारायला वेळ लागतो म्हणून तो विचारत नसेल. इथे दोन दिवस पाऊस थांबत नाही, पर्लकोटा नदीचं पाणी चढतं आहे. तुझी माया आहे तशीच राहू दे, राग मात्र अर्धा कर.

तुझा,
घनश्याम

बोडीटोला
१६ जुलै २०२४

चि. घनश्याम यास आशीर्वाद, आणि निम्मा कान पिळला असं समज.

तुझ्या मोहाच्या तेलाचं आधी सांगते. चपलांना चांगलं चोळलं. झिंगीनं दोन्ही चपला चाटून लखलखीत केल्या. अरे, आपल्या घरात त्या तेलात वडे तळले जातात आणि उरलेला वडा तिलाच मिळतो, हे तुला कुणी सांगायचं? उर्वशी इतकी हसली की पदर तोंडात कोंबला. दोन महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली, त्याचं श्रेय तुला देते.

पण स्वतःच्या वस्तूचा तुझा सल्ला लाखाचा निघाला. तुझ्या भाऊजींचं जुनं सुती जाळं माळ्यावर पडलं होतं, उंदरांनी खाल्लेलं. त्याचा तुकडा कापून मी गाठी मारल्या आणि चेंडू केला. तेव्हापासून झिंगी दुसऱ्या कशाकडे पाहत नाही. चेंडू दोन पायांत धरून दिवसभर चावत बसते. आज चार दिवस झाले, एकही चप्पल गेली नाही. हेमराज येता-जाता बघतो आणि चपला मोजून पुढे जातो. बोलेल कसा? मीच परवा म्हटलं की पोळ्याची वाट कशाला पाहतोस, आजच हार मान. तर म्हणाला की आई, तू लहान पोरीसारखी करून राह्यली. मी म्हटलं, हो, करून राह्यली.

तलाव भरत आला आहे. सांडव्यावरून पाणी पडू लागलं की त्या पाण्यातून मासे वर चढतील. हेमराजनं त्यासाठी नवीन जाळं आणलं आहे. मला दाखवलं नाही, मी स्वतःच जाऊन पाहिलं. चांगलं आहे. तू तब्येत सांभाळ आणि पुरात शूरपणा करू नको.

जिंकलेली,
बाई

भामरागड
२२ जुलै २०२४

ती. बाईस सा. न. वि. वि.

हे पत्र तुला कधी मिळेल ते देव जाणे. पुलावरून पाणी वाहतंय, चार दिवस एसटी नाही. तुझं पत्र शेवटच्या गाडीनं आलं. वाचलं आणि डोक्याला हात लावला.

बाई, तो चेंडू आधी काढून घे. हातातलं काम टाकून काढ. मी टाकाऊ वस्तू म्हटलं, पण आपण जाळ्यावर जगणारी माणसं आहोत हे मी जंगलात राहून विसरलो. पिल्लाला जुनं जाळं आणि नवीन जाळं यातला फरक कळत नाही. त्याला वास कळतो आणि गाठ कळते. तू तिला आठवडाभर रोज शिकवलंस की गाठीगाठींचं, मासळीचा वास येणारं जे काही आहे ते तिचं आहे. उद्या हेमराजचं जाळं पडवीत वाळत पडलं तर ती चोरी करणार नाही, आपल्या समजुतीनं हक्काची वस्तूच घेईल.

बदल्यात बकऱ्याचं कच्चं, जाड हाड दे. शिजवलेलं नको, त्याच्या टोकदार कपच्या होतात. आणि नवीन जाळं उंच टांगायला सांग.

चूक माझी आहे, तुझी नाही. फोन लागत असता तर आत्ता केला असता. रोज पुलापर्यंत जाऊन पाणी पाहून येतो. या वेळी तरी रागावण्याआधी पत्र पुरतं वाच.

तुझा,
घनश्याम

बोडीटोला
५ ऑगस्ट २०२४

चि. घनश्याम यास आशीर्वाद.

तुझं २२ तारखेचं पत्र आज पोस्टमननं दिलं. सगळं खरं आहे, आणि सगळं उशिरा आलं.

२९ तारखेला तलाव सांडव्यावरून वाहू लागला. हेमराजनं नवीन जाळं धुऊन पडवीत पसरलं होतं, दुपारी लावायला न्यायचं होतं. आम्ही आत जेवत होतो. बाहेर आलो तर झिंगी जाळ्याच्या मधोमध बसलेली, आणि जाळ्याला माणूस निघून जाईल एवढं भोक. शेपटी हलवत होती. तिला वाटलं आपण केवढं मोठं काम केलं.

न्यायला आलेली चार माणसं अंगणात उभी होती. हेमराजनं काठी उचलली. मी मध्ये गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे तिले मी शिकवलं, माराचं असन तर मले मार. काठी त्यानं फेकून दिली, पण मला म्हणाला की आता या घरात एक तर कुत्रं राहीन नाईतर जाळं राहीन. त्या दिवशी गावातल्या सगळ्यांच्या घरी मासळी शिजली, आमच्या घरी नाही. त्याचा राग मला कळतो. मी ढिवराची लेक आहे, मला का कळणार नाही?

म्हणून मी बांबूची सुई काढली आणि तीन दिवस खाली मान घालून ते भोक भरून दिलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, बोटं आखडलेली, तरी भरलं. कुठे भोक होतं ते दाखवून दे म्हटलं तर दाखवता येणार नाही. हेमराजनं हात फिरवून पाहिलं, लावायला घेऊन गेला. मला वाटलं मिटलं.

आणि काल मी बाजारातून आले तर दारात कुणी धावत आलं नाही. उर्वशीनं खाली पाहून सांगितलं की मुखरू सकाळी आला होता आणि त्यानं तिला गाडीवर बांधून नेलं. पोळा अजून महिनाभर दूर आहे, घनश्याम. दिलेली मुदतसुद्धा पाळली नाही. पुन्हा बाजारातूनच आले, आणि पुन्हा घर रिकामं.

मी रडले नाही. हेमराज समजूत घालायला आला. म्हणाला की जाळं चावलं ना आई, आता काय करू? मी म्हटलं, जाळं मी भरून दिलं, चुकीची सवय मी लावली, मग शिक्षा तिला काऊन? तो उठून बाहेर गेला. उद्या सकाळच्या गाडीनं मी मुखरूकडे जाते. कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते, आणि हे पत्र मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. अडवायला पत्र लिहू नको. तुझ्यावर राग नाही. माझ्यावर माया ठेव आणि माझ्या बाजूनं राहा.

तुझी,
बाई

बोडीटोला
१२ ऑगस्ट २०२४

ती. मामांस हेमराजचा सा. न. वि. वि.

मी पत्र कधी लिहीत नाही, शाळेनंतर हे पहिलंच. तुमचा फोन दहादा लावला, लागला नाही. आईनं तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण पुढचं ती लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

सहा तारखेला सकाळी आई घरात नव्हती. आम्हाला वाटलं पाळीवर गेली. दहा वाजता मी गाडी काढली, तलाव पाहिला, देऊळ पाहिलं, मग समजलो आणि मुखरूच्या वावराकडे गेलो. मुखरू बांधावर कपाळ धरून बसला होता. म्हणाला की तुझी माय आली, दावं सोडलं, आणि मलेच म्हणते की राखन पाहिजे तर तूच मचानीवर झोप आन् तूच भुंक. तोवर आई निघून गेली होती. परतीच्या एसटीत कंडक्टरनं कुत्रं घेतलं नाही. त्यानं आईला एकटीला बस म्हटलं, तर तिनं त्यालाच दार लावून घ्यायला सांगितलं. तेरा किलोमीटरचा रस्ता, दोन्हीकडे जंगल, मागच्याच महिन्यात तिथे वाघ दिसला होता.

पाचव्या किलोमीटरला मला ती दिसली. हातात दावं, पुढे झिंगी. मी गाडी थांबवली, बस म्हटलं. बसली नाही. रागावलो, ती चालत राहिली. हात जोडले, तरी चालतच राहिली. मग मी गाडी बंद केली आणि ढकलत तिच्या बाजूनं चालू लागलो. मामा, चढावर गाडी ढकलणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. थोड्या वेळानं झिंगी दमली, रस्त्यातच बसली. आईनं तिला उचललं आणि माझ्या गाडीच्या सीटवर ठेवलं. स्वतः मात्र चालत राहिली. कुत्रं गाडीवर, आम्ही दोघं पायी. नागभीडकडून येणारे लोक गाड्या थांबवून बघत होते.

शेवटी मी हरलो. म्हटलं की ठीक आहे आई, राहू दे कुत्रं. मला वाटलं आता तरी बसेल. तर ती थांबली आणि म्हणाली की हे पण तूच ठरवलं. शेळ्या तू ठरवल्या, चूल तू ठरवली, नेलं तू, आता ठेवतो पण तूच. मले भीक नाई पाहिजे. मले विचार.

मी भर रस्त्यात उभा राहिलो. बाबा गेल्यापासून मी धावत होतो मामा, कुणाला विचारायचं असतं हेच विसरलो होतो. आईला तर मुळीच नाही, मला वाटायचं तिला त्रास नको. मी तिला विचारलं की आई, झिंगीले घरी ठेवाचं का?

तिनं झिंगीच्या पाठीवरून हात फिरवला. एक मोरी ओलांडेपर्यंत चालली. मग म्हणाली की विचार करून सांगते. आणि गाडीवर बसली, झिंगीला मांडीवर घेऊन.

तुमचं पत्र आईनं खाटेवर ठेवलं होतं, ते मी वाचलं. जाळी आता आढ्याला टांगली आहेत. कच्चं हाड आणून दिलं आहे, तेच चावत बसते. तरी परवा माझ्या चपलेचा अंगठा गेला. मी तशीच घालतो.

आज सहा दिवस झाले. आईनं अजून काही सांगितलेलं नाही. काल मी पुन्हा विचारायला गेलो, तर म्हणाली की घाई काय आहे. आता घरात काही ठरवायचं असलं की उर्वशी आधी मला विचारते की आईले विचारलं का. पूर उतरला की तुम्ही या. पोळ्याला आलात तर बरं, कदाचित तोवर आईचा निर्णय झालेला असेल. तुमचा लोभ आमच्या घरावर राहू द्या.

तुमचा भाचा,
हेमराज

ता. क. हे पत्र पाठवू का, असं आईला विचारलं. ती म्हणाली की पाठव.