हैदराबाद, एक तास दहा मिनिटं

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. बत्तीस वर्षं एसटी स्टँडच्या कंट्रोलर केबिनमध्ये गाड्यांचे टाइम लिहिले, आता स्वतःचे लिहू.
मोबाइलवर पाहिलं. चिकलठाणा ते हैदराबाद विमानानं ४३० किलोमीटर. एक तास दहा मिनिटं! आमच्या कन्नडच्या गाडीला याहून जास्त लागतो. म्हणजे आपला विश्वजीत कन्नडपेक्षा जवळ राहतो. हिला सांगितलं. ही म्हणाली, कन्नडहून माझा कृष्णा दर महिन्याला येतो. भावाचं कौतुक फार. हिशोब कळत नाही.

५ फेब्रुवारी
हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन १८ तारखेला. विश्वजीतला फोन केला. म्हणाला, बघतो बाबा. म्हणजे येतोय. यायचं नसतं तर सरळ नाही म्हणाला असता.

६ फेब्रुवारी
टाइमटेबल बनवलं. विमान उतरलं, बॅगेला पंधरा मिनिटं. छावणीत घरापर्यंत रिक्षा, अकरा किलोमीटर, जालना रोडचं ट्रॅफिक धरून पस्तीस मिनिटं. मार्जिन वीस मिनिटांचं. भिंतीवर चिकटवलं.
शेजारच्या रामकिसनला दाखवलं. म्हणाला, लई भारी, पण पोरानं तिकीट काढलं का? जळतो लेकाचा. त्याची श्रेया शेंद्र्याच्या कंपनीत, रोज संध्याकाळी घरी. ही काय प्रगती झाली?

११ फेब्रुवारी
तीनदा फोन. उचलला नाही. हैदराबादला टॉवरची बोंब दिसते.

१७ फेब्रुवारी
मेसेज आला. ऑफिसचं काम, रजा नाही, सॉरी. बरोबर आहे, हुद्दा मोठा. मला तरी कुठं रजा मिळायची? तो जन्मला तेव्हा मी दिवाळीच्या ज्यादा गाड्या सोडत होतो.

१८ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. कृष्णा आला होता. गाडी अर्धा तास लेट, तरी आला.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
रामकिसन आला. चहा निवला तरी घेईना. शेवटी म्हणाला, काल श्रेयानं विश्वजीतला पाहिलं. तिच्या कंपनीत, मीटिंगला. सकाळच्या विमानानं आला, संध्याकाळच्यानं गेला. दुपारी दोन तास कॅन्टीनमध्ये मोबाइल बघत बसला होता.
मी म्हणालो, दुसरा कोणी असेल. त्याला घालवला. मग हिशोब केला. शेंद्रा ते छावणी बावीस किलोमीटर. यायला पन्नास मिनिटं, जायला पन्नास. दोन तासांत बसतच नाही.
पुन्हा केला. वीस मिनिटं उरतात. वीस मिनिटांत माणूस आईजवळ बसून चहा पितो. हरामखोर.

२० फेब्रुवारी
हिची पट्टी निघाली. घरी आल्या आल्या भिंतीवरचं सगळं वाचलं. म्हणाली, अक्षर लई सुरेख काढलंय, आता काढा ते. श्रेयानं मला त्याच दिवशी सांगितलं व्हतं. तुमचं मन मोडंल म्हणून बोलले नाय.
मी म्हणालो, राहू दे, पुढच्या महिन्यात दुसरा डोळा आहे.
ही म्हणाली, त्याला कृष्णा येईल.
कागद काढला. भिंतीचा रंगही निघाला. कन्नडच्या पहिल्या गाडीचा टाइम विचारून ठेवायला पाहिजे.